पानातली भोकं

"बायकांच्या पानाचा इतिहास? म्हणजे लोणची-मुरंबेच ना?"

जुन्या वर्तमानपत्रांतल्या बायकांच्या पानाचा मी शोध घेते, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. तेव्हा नुसतं "आँ" म्हणाले.

लोणची होती, नाही कशाला म्हणू? पण १९७२ च्या दुष्काळातले अंक उघडून बघा. रेशनवर अमेरिकेतली तांबडी मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना चिरायची, ताटात बघून पोरं तोंड फिरवायची. पहिल्या पानावर धान्य किती आलं, कुठले मंत्री कुठल्या खडीच्या कामावर जाऊन आले, ते सगळं. आणि आत, विणकामाच्या नमुन्याला खेटून, मिलोच्या पिठाची आधी उकड काढा म्हणजे भाकरी चिरत नाही, असं सांगणाऱ्या पाच-सहा ओळी. शेवटी 'तेल असल्यास'. या 'असल्यास'वर मी त्या दिवशी बराच वेळ थांबले. दुष्काळ स्वयंपाकघरात कसा शिरला, याची बातमी तेवढ्या एका शब्दात होती आणि ती देणारीला बातमीदार म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

बरं, ही कोण? इथं काम अडतं. खाली 'सौ. कुसुम', 'एक गृहिणी' किंवा नुसतंच 'वहिनी'. (जागा भरायची असली की एखादे मिशीवाले उपसंपादकही वहिनी व्हायचे, असं जुनी मंडळी हसत सांगतात.) त्यात आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचं. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या एकच बाई हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या गाजल्या. दर रविवारी अर्धा रकाना लिहिणारीची तीन नावं कोण जुळवत बसणार? मी बसते.

आम्हा सांगलीकरांना हा विषय घरचा वाटतो. नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, त्याचा अभिमान आहेच. पण संपादक शंकरराव किर्लोस्कर. विद्या बाळ 'स्त्री'त १९६४ साली आल्या आणि त्यांना संपादक व्हायला १९८३ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, तानुबाई बिर्जे नवऱ्याच्या माघारी 'दीनबंधु' चालवत होत्या. ते सत्यशोधकांचं अख्खं वर्तमानपत्र. म्हणजे अग्रलेखवाली बाई आधी झाली, आणि पुढच्या कितीजणींना कोपरा मिळाला तो मसाल्यांचा. हे सांगितलं की प्रश्न विचारणारे जरा गप्प होतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

कागद मिळणं ही वेगळीच कथा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावातल्या कपाटांचे खालचे कप्पे लगदा झाले. पुरातून बचावलेल्या, वाचनालयातल्या बांधीव फायलींत नेमकी बायकांच्या पानालाच भोकं. कुणीतरी ब्लेडनं रेसिप्या कापून नेलेल्या. पहिल्या दिवशी चरफडले.

मग गावभागातल्या एका आजींनी त्यांची वही दाखवली. खळीनं डकवलेली कात्रणं, हळदीचे बोटांचे ठसे, समासात 'मीठ जास्त होते'. मी भीतभीत विचारलं, "आजी, ही वाचनालयातली तर नव्हेत?"

"घरचा पेपर मामंजींचं झाल्याशिवाय हाताला लागायचा नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्यांचं झालं की रद्दीत." एवढंच. आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हापासून मी फायलींपेक्षा वह्यांच्या मागे आहे. तुमच्या आईची, सासूबाईंची अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त कात्रण सुटं असेल तर पाठीचाही काढा. पुढच्या बाजूला तारीख जवळजवळ कधीच नसते. पाठीवर मार्केट यार्डातला हळदीचा भाव निघाला, की साल लावायला निदान एक धागा सापडतो.