वारं फिरलं की होडी फिरवायची

शिडाच्या होडीची शर्यत खेळायला हैदराबादला चाललोय, असं पैठणला घरी सांगितलं तेव्हा चुलत्यांनी विचारलं, "शंकरपट हाय का तिकडं?" लेझर होडी, 4.23 मीटर लांब, एकच शीड, एकच माणूस. हे समजावत बसलो नाही.

हुसेनसागरवरच्या त्या पहिल्या शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो. माझा वेग वाईट नव्हता, अंग बाहेर टाकून पोट दुखेस्तोवर होडी सपाट ठेवली होती. चुकलं ते वेगळंच. पलटी मारली, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या अंगावर घेतला, की वेग जातो, म्हणून मी पलटीच टाळत होतो. होडीचं नाक मार्कपासून, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेपासून, सरकत चाललं होतं आणि मी निष्ठेनं त्याच दिशेला जात होतो.

परत आल्यावर पंधरा दिवस संध्याकाळी नाथसागरच्या काठावर उभा राहिलो. काठीला साडीच्या काठाची चिंधी, हातात होकायंत्र, खिशात वही. दर मिनिटाला वाऱ्याची दिशा टिपायची. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सरळ येतो असं मला वाटायचं. वहीत 260, 265, 275, 280, मग परत 270, 262. झोपाळाच.

आता हिशोब. सरासरी वारा 270 आणि मार्कही तिकडंच. होडी वाऱ्याच्या तोंडावर साधारण 45 अंशांच्या आत शिरत नाही. म्हणजे वारा उजव्या अंगावर घेतला तर 225 वर जाणार, डाव्या अंगावर घेतला तर 315 वर. वारा 260 झाला की उजव्या अंगावरची होडी 215 वर ढकलली जाते. हा हेडर. पण त्याच घटकेला डाव्या अंगावरची होडी 305 वर, म्हणजे मार्कच्या जवळ. ती लिफ्ट. शंभर मीटर गेल्यावर पहिली मार्ककडे 57 मीटर सरकते, दुसरी 82. पलटीत जाणारे दोन-तीन सेकंद यापुढे काय?

आजोबांना सांगितलं तर ते हसले. खळ्यावर उपणताना तीन पायांच्या तिव्यावर उभं राहून ते हेच करायचे. वारं फिरलं की भूस राशीवर पडतं. "मग तिवा फिरवायचा की नाही? वाऱ्याशी भांडतूस कामून?"

पण हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सरावात जरा शीड फडफडलं की पलटी. एकदा दहा मिनिटांत इतक्या पलट्या मारल्या की होडी जागच्या जागी नाचत होती. एका जुन्या खेळाडूनं सांगितलं तेव्हा उलगडलं: वारा नुसता मंदावला तरी होडीला तो पुढून आल्यासारखा वाटतो, कारण तिचा स्वतःचा वेग अजून टिकलेला असतो. हेडरसारखं दिसतं, पण दिशा फिरलेली नसते. तेव्हापासून होकायंत्रावरचा आकडा पाच-सात अंश हेडरकडं सरकला की मनात चार मोजतो. तिथंच राहिला तर पलटी, परत आला तर गप बसतो. आणि ढग चढून वारा एकाच बाजूला सरकत राहिला, तर झोपाळ्याचा नियम चालत नाही. तेव्हा हेडर सोसून आधी त्या बाजूला जायचं, पलटी नंतर.

दुसऱ्या खेपेला हुसेनसागरवर निघण्याआधी दहा मिनिटं आकडेच पाहत होतो. काठावरच्या इमारतींमुळं तिथला वारा नाथसागरपेक्षा फार चंचल. होडीवर ग्रीस पेन्सिलनं दोन्ही अंगांवरच्या सरासरी दिशेचे दोन आकडे लिहून ठेवले. वाऱ्याच्या तोंडावर चढताना एकेका हेडरवर पलटत पाच होड्या मागं टाकल्या.

मार्क वळून वाऱ्याबरोबर उतरायला लागलो आणि घोळ झाला. उतरताना सगळं उलटं असतं: लिफ्ट आली की शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं आणि हेडरवर टिकून राहायचं. माझं डोकं मात्र अजून चढणीवरच होतं. कमावलेल्या पाचपैकी तीन जागा तिथंच गेल्या.