दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं

तिच्या फाइलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘व्यायामात सहकार्य कमी.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ती २७ वर्षांची. एका तापानंतर वर्षभर चक्कर, धडधड, गळून जाणं. ईसीजी, इको, रक्त सगळं नॉर्मल, म्हणून चिठ्ठीवर ‘अँग्झायटी’. मी पाच आठवडे उभ्याने व्यायाम दिले. दर वेळी ती मध्येच खाली बसायची.

त्या दिवशी ती बिलाच्या रांगेत दिसली. एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळलेला, मधूनच टाचा उचलत होती. कुणी शिकवलं, विचारलं.

“कुणी नाही मॅडम. असं केलं की अंधारी येत नाही.”

पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. ती ते स्वतःच शोधून वापरत होती आणि मी तिला ‘पाय सरळ ठेव’ म्हणत होते.

तिला दहा मिनिटं आडवं झोपवलं. नाडी ७४, बीपी ११२/७०. मग उभं केलं. ही तपासणी सोपी वाटते, पण बिघडते फार सहज : पेशंटशी गप्पा मारल्या, पाय हलवू दिले की आकडा फसवतो. बरेच जण तर खुर्चीत बसवूनच नाडी बघतात आणि ‘ठीक आहे’ लिहितात. तिची नाडी दुसऱ्या मिनिटाला १०४, पाचव्याला ११५, आठव्याला १२१. बीपी पडलं नव्हतं. पावलं मात्र जांभळट झाली होती.

मोठ्या माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली, बीपी पडलं नाही आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. हे नाव १९९३पासून आहे. निदान माझं काम नाही. अॅनिमिया, थायरॉइड वगळावे लागतात. आकड्यांचा तक्ता करून हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवला, आणि तिचे व्यायाम झोपून करायचे केले.

तक्ता बघून ती म्हणाली, “आणि आकडा आला नसता तर?”

हा त्रास सकाळी जास्त, दुपारी कमी असू शकतो. तिची वेळ योगायोगाने सकाळची होती. मी काहीच बोलले नाही.

जुनी नोंद खोडून टाकायची नसते. तिच्याखाली तारीख घालून आठ मिनिटांचे आकडे लिहिले.