आमची वाटचाल: खुराड्यापासून तुसाच्या पोत्यापर्यंत

परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडी बनवून द्यायची, एवढाच आमचा धंदा होता. पुण्याच्या धायरी, वारजे, पिरंगुट, वाघोली या भागांत घरामागे थोडी जागा असलेली मंडळी चार-सहा कोंबड्या पाळतात, तेच आमचं गिऱ्हाईक. आज आमच्या टेम्पोत खुराड्यांपेक्षा भाताच्या तुसाची पोती जास्त असतात. हा बदल एका तक्रारीमुळे झाला: ‘कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, काय करू?’

सगळ्यांची पहिली समजूत अशी की एखादी कोंबडी खुनशी आहे. तसं नसतं. मोकळी कोंबडी दिवसाचा बराच वेळ माती उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. पायाखाली नुसती फरशी किंवा जाळी असली की तीच चोच शेजारणीच्या पाठीवर जाते. भांडणातली चोच समोरून येते आणि डोक्यावर, तुऱ्यावर बसते. पिसं उपटणारी मागून येते, कसलाही आवाज न करता, आणि शेपटीच्या मुळाशी टोचते. हा फरक कळला तेव्हा लक्षात आलं की निम्मी चूक आमच्या खुराड्यात होती.

आमचं पहिलं खुराडं 4 फूट बाय 3 फुटांचं, सांगायचो ‘आठ कोंबड्यांचं’. म्हणजे एकीला दीड चौरस फूट. खाली जाळी, विष्ठा खालच्या ट्रेमध्ये. साफ करायला फार सोपं, आणि कोंबडीला दिवसभर काडीचं काम नाही. आता सहा कोंबड्यांना 4 बाय 4 ची रात्रीची खोली आणि तिला जोडून 6 बाय 10 चं जाळीबंद अंगण देतो, म्हणजे दिवसा एकीला दहा चौरस फूट मोकळे मिळतात. जागा कमी असेल तर कोंबड्या कमी करा असं सांगतो, माप कमी करत नाही. यात ऑर्डरी जातात, जाऊ देत.

कोंबड्यांना बसायच्या दांडीचं प्रकरण जास्त शिकवणारं होतं. आधी ती जमिनीपासून दीड फुटावर असायची. वर बसलेल्या कोंबडीची शेपटीखालची जागा त्यामुळे खाली उभ्या असलेलीच्या बरोबर चोचीसमोर यायची. आता दांडी अडीच ते तीन फुटांवर असते, दोन इंची लाकडाची, कडा गोल केलेल्या, प्रत्येकीला आठ इंच जागा. चढायला मध्ये एक पायरी.

अंडी घालायची पेटीही चुकीच्या ठिकाणी होती. गिऱ्हाइकाला अंडी काढायला सोपं जावं म्हणून दाराशी, भर उजेडात. अंडं घातल्यावर थोडा वेळ अंड्याच्या वाटेचा आतला लालसर भाग बाहेर दिसतो. उजेडात तो दिसला की दुसरी टोचते, आणि रक्त आलं की बाकीच्या धावतात. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये (तरुण कोंबड्यांमध्ये), साधारण पाचव्या महिन्यात, हा धोका सगळ्यात जास्त. आता पेटी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते: एक फूट लांब, एक फूट रुंद, पुढे गोणपाटाचा पडदा, चार कोंबड्यांना एक. ‘जास्त अंडी’ म्हणून लख्ख पांढरा दिवा लावणाऱ्यांना आम्ही तो काढायला सांगतो. लावायचाच असेल तर मिणमिणता, आणि दिवसाचा उजेड धरून सोळा तासांपुढे नाही.

आता तूस. मावळ, मुळशी, भोर हा भाताचा पट्टा जवळ असल्याने पुण्यात तूस मिळणं कठीण नाही. खोलीत चार ते सहा इंचांचा थर लागतो. टिंबर मार्केटमधून रंध्याचा भुसा आणून मिसळला तरी चालतो; प्लायवूड कापल्याची बारीक भुकटी मात्र नको, ती श्वासात जाते. दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने थर खालीवर करायचा आणि संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा बाजरी त्यात विखरायची. दाणे शोधण्यात त्या गुंतून राहतात. ही मूठ भांड्यात टाकली तर दोन मिनिटांत संपते आणि काहीच साधत नाही.

पावसाळ्यात सगळं बिघडतं ते इथेच. जुलैत तूस ओलं होऊन त्याची ढेपळं बनतात, उकरायला काही उरत नाही, अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि कोंबड्या दिवसभर आत कोंडलेल्या. म्हणून अंगणाच्या निम्म्या भागावर छप्पर आम्ही सक्तीचं केलं. पाण्याचं भांडं तुसात ठेवायचं नाही, विटेवर ठेवायचं. ओली ढेपळं उचलून टाकायची, त्या जागी नवं कोरडं तूस. बाहेर कोबीचा गड्डा दोरीने चोचीच्या थोडा वर टांगायचा. मंडईत भाजीवाल्यांकडे फ्लॉवरचा आणि मुळ्याचा पाला मागितला तर बरेचदा फुकट मिळतो. एका कोपऱ्यात दोन फुटी घमेलं, त्यात माती, वाळू आणि चाळलेली राख सहा इंच: धुळीत लोळल्या की उवा कमी होतात. उवांनी खाजणारी कोंबडी स्वतःची पिसं ओढते, मग इतरांचं लक्ष तिथे जातं.

खाद्याच्या धंद्यात आम्ही पडलो तो पोळ्यांमुळे. पुणेकर शिळी पोळी आणि भात कोंबड्यांना हौसेने घालतात. हिशोब असा: कोंबडी दिवसाला साधारण 115 ग्रॅम खाते. अंड्यावरच्या कोंबडीचं 17 टक्के प्रथिनांचं खाद्य असेल तर तिला साडेएकोणीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यातलं 40 ग्रॅम खाद्य कमी होऊन तेवढा भात गेला की हा आकडा 14 ग्रॅमच्या आत येतो. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि ते बनायला मेथिओनिन आणि सिस्टीनसारखी गंधक असलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, लागतात. ती कमी पडली की कोंबडी पिसं खायला लागते. सोयापेंडीत प्रथिनं भरपूर, पण मेथिओनिन कमी. म्हणून घरी खाद्य मिसळणाऱ्यांना आम्ही 100 किलोमागे 100 ते 150 ग्रॅम मेथिओनिन घालायला सांगतो, किंवा थोडी तिळाची पेंड, थोडं सुकट. मीठही विसरलं जातं: 100 किलोला 300 ते 400 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. उरलंसुरलं अन्न सहा जणींत मिळून एक छोटी वाटी, बस्स. आणि आम्ही गोळी खाद्य न देता भरडा देतो. गोळ्या पटकन गिळून होतात, भरडा टोचत बसावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी खातेच कमी, तेव्हा पत्र्यावर गोणपाट टाकून त्यावर पाणी मारा आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी द्या.

तक्रारीचा फोन आला की आम्ही दोन फोटो मागवतो, पाठीचा आणि तुसाचा. शेपटीच्या मुळाशी उघडी कातडी, तुटके देठ आणि तुसात बारीक पिसं अजिबात नाहीत, तर ती खाल्ली जात आहेत. मानेपासून सुरू होऊन सगळीकडे नवे कोंब फुटत असतील तर नुसती पिसं झडत आहेत, तिला त्रास नको. फक्त पाठ आणि डोक्यामागची जागा उघडी असेल तर कोंबडा बघा, तो वर चढताना तिथली पिसं जातात. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी छातीची पिसं स्वतःच काढते.

रक्त दिसलं तर थांबायचं नाही. जखमी कोंबडी लगेच वेगळी करायची, पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने जखम धुवायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत. अळ्या पडल्या किंवा अंड्याच्या वाटेचा आतला भाग बाहेरच राहिला तर थेट पशुवैद्य. टोचणारी ओळखता आली तर तिलाही आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा. ती परत येते तेव्हा तिचा आधीचा मान राहिलेला नसतो, त्यामुळे जरा दबून वागते. जखमीला परत सोडताना आधी दोन-तीन दिवस मधे जाळी, मग संध्याकाळी अंधार पडताना दांडीवर ठेवायचं. अंधारात त्या टोचत नाहीत.

चोच कापून द्या म्हणणारे येतात. ते काम आम्ही करत नाही. चोचीच्या टोकात नसा असतात, आणि कापलेल्या चोचीनेही कंटाळलेली कोंबडी टोचतेच.

मुळासकट निघालेलं पीस दीड-दोन महिन्यांत परत येतं. अर्धं तुटलेलं मात्र पुढच्या झडतीपर्यंत तसंच राहतं, त्यामुळे उपाय करूनही पाठ सुधारत नाही म्हणून महिन्याभरात घाबरून फोन करू नका. कोवळ्या पिसात रक्त असतं आणि त्यावरच पुन्हा चोच पडते, म्हणून ते पूर्ण उघडेपर्यंत हिरवा पाला रोज टांगा.

पावसाळ्यासाठीचं तूस मेमध्येच भरून ठेवा. सहा कोंबड्यांना चार पोती आणि कोरडी जागा लागते. जूनमध्ये गिरणीबाहेरचा ढीग भिजलेला असतो, आणि ओलं तूस आम्ही विकत नाही.