उंदरांची साखर उतरली, मग?

जांभळाच्या बियांची पूड घेतली तर साखर उतरते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एम.फार्म.ला असताना मी मधुमेही उंदरांना जांभळाच्या बियांचा अर्क पाजत होते. तेव्हापासून कुठल्याही लग्नात जेवणाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो: "तुझ्या उंदरांची साखर उतरली ना? मग आम्ही पूड घेतली तर काय बिघडलं?"

उतरली, खोटं कशाला बोलू. पण त्या उंदरांना मधुमेह झाला नव्हता, आम्ही तो दिला होता. स्ट्रेप्टोझोटोसिनचं एक इंजेक्शन. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेतात आणि मरतात. मरताना त्यांच्यातलं इन्सुलिन एकदम रक्तात सांडतं आणि साखर फार खाली जाते. म्हणून पहिल्या रात्री बाटलीत ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी पिंजऱ्यात मेलेले उंदीर सापडतात. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या टोकाचं रक्त तपासायचं, साखर 250 च्या वर गेली की उंदीर प्रयोगात. मग ते इतकं मुततात की पिंजऱ्यातला भुसा बदलून हात दुखतात.

माझ्या आत्याचा मधुमेह असा नाही. तिच्या बीटा पेशी एका रात्रीत मेलेल्या नाहीत, तिचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही.

शिवाय मात्रा. उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम अर्क दिला, तर माणसासाठी तो आकडा साधारण 6 ने भागतात. 60 किलोच्या माणसाला रोज 2 ग्रॅम अर्क झाला. पुडीतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर 20 ग्रॅम पूड! चमचाभर घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बिवळ्याची गोष्ट तर आम्हा विद्यार्थ्यांना ऐकवलीच जायची. बिवळा हे झाड, त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितात. त्यातल्या एपिकॅटेचिन नावाच्या द्रव्यामुळे उंदरांच्या बीटा पेशी पुन्हा उगवतात, असं 1981 साली भारतीय संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तिथेच कळवलं, आम्हाला असं काही दिसलं नाही. पेले अजून खपतात.

वनस्पतीत काही नसतं असं मी म्हणत नाही. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्याच नात्यातलं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध 1922 साली प्रयोगशाळेत तयार झालं, आणि 1957 साली पॅरिसच्या झां स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. आत्या पूड सुरू करून बंद करायला निघाली होती ती गोळी हीच.

आता ती दोन्ही घेते. साखर उतरली की श्रेय जांभळाला, चढली की माझ्या मेटफॉर्मिनला.