बोलण्याचे 5 पैकी 5

ह्यांच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: ई4 व्ही5 एम6. डोळे उघडणं 4 पैकी 4, बोलणं 5 पैकी 5, हालचाल 6 पैकी 6. एकूण 15. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचं माप; 1974 पासून डोक्याला मार लागला की हेच लावतात. पैकीच्या पैकी मार्क! मी गल्लीत पेढे वाटले.

मागाहून कळलं, नाव, ठिकाण, महिना-साल बरोबर सांगितलं की बोलण्याचे 5 पडतात. स्पीच थेरपिस्टने चित्रं दाखवली तेव्हाही कुलूप, किसणी, छत्री... हे धडाधड सांगत सुटले. ती म्हणाली, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काहींचे शब्दच जातात, तसं ह्यांचं नाही. शब्द आहेत, कुठे थांबायचं, समोरच्याच्या मनात काय आहे, हे सांभाळणारा कपाळामागचा मेंदू दुखावलाय.

आमचं सांगलीत इलेक्ट्रिकलचं दुकान. गिऱ्हाईक स्विच मागतं. हे स्विचवरून वायरिंगवर जातात, वायरिंगवरून 2019 च्या पुरावर, तिथून म्हशी कशा माडीवर चढवल्या त्यावर. स्विच राहतोच. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, शेठ दिवसाचेच घेतात का हो?" जखम दिसत नाही ना, मग लोक दारूच धरून चालतात.

मुलगा रात्री साडेदहाला आला. मी म्हटलं, "फार लवकर आलास रे!" ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. "लवकर कुठे? साडेदहा झालेत." अगदी मनापासून. उधारीसुद्धा टोमण्यात मागणारा माणूस हा!

मिक्सर चालू असला किंवा दोघं एकदम बोलायला लागले की हे गप्पच होतात. म्हणून आता जेवताना टीव्ही बंद, आणि एका वेळी एकच प्रश्न. मला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. हे अडले की मी शब्द पुरवायचे: पक्कड? टेप? होल्डर? थेरपिस्ट म्हणाली, "ताई, त्यांचं वाक्य त्यांना संपवू द्या." तेव्हापासून मनात दहापर्यंत मोजते.

काल दुकान बंद करताना म्हणाले, "उद्या ते... ते आपलं..."

मी सातवर आले होते.

"पावतीपुस्तक आणायचंय. आणि तू मोजताना ओठ हलवतेस."