ठासणीच्या बंदुकीची नळी साफ करताना

शेतसंरक्षण परवान्यावरची आमची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक आधी आजोबांच्या नावावर, मग बाबांच्या. त्यांनी सत्तरी ओलांडली आणि ती रीतसर माझ्याकडे आली. सिंधुदुर्गात अशा बंदुका बऱ्याच घरांत सापडतात. भातात, काजूत घुसलेल्या डुकरांना आणि माकडांना बार काढून हुसकवायचं, एवढंच त्यांचं काम. आमची मात्र गेली कैक वर्षं नुसती पूजेलाच निघायची. खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूचं फूल, वरून तेलाचा हात आणि परत कपाटात. घोड्याच्या सांध्यात कुंकू असं बसलं होतं, की गंज कुठला आणि कुंकू कुठलं ते कळेना.

साफसफाईआधी बघायचं ते एकच, आत बार आहे का. घोडा पाडलेला आहे, दारू पेटवणारी टोपी लावलेली नाही, म्हणजे बंदूक रिकामी असं ठासणीच्या बाबतीत धरून चालत नाही. गज तोंडातून आत सोडला, तोंडाशी पेन्सिलीने खूण केली आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. टोक निपलच्या, म्हणजे तळाशी टोपी बसते त्या भोकाच्या बोंडाच्या, चार बोटं अलीकडेच थांबत होतं, म्हणजे आत काहीतरी होतं. कुंभारमाशीचं घरही असू शकलं असतं, पण तिथे अंदाज कामाचा नाही. परवाना बरोबर घेऊन बंदूक तालुक्याच्या गावी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आत पाणी मुरवलं आणि स्क्रूच्या टोकाच्या गजाने हळूहळू ओढून काढलं. आधी काथ्याचा बोळा, मग पांढरी पूड चढलेले शिशाचे छर्रे, शेवटी दारूचा ओला, काळा गोळा. आजोबांनी भरलेला बार असावा. तेवढी वर्षं आम्ही भरलेल्या बंदुकीला हळदकुंकू वाहत होतो!

निपल त्यानेच सोडवून दिलं. पुढचं काम घरी केलं, आणि त्यात तेलाआधी पाणी. काळ्या दारूत 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. ती जळली तरी निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे उरतं, आणि त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. तेलाने ते विरघळत नाहीत, उलट तेलाखाली सुखाने लोखंड खात बसतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नळी दांड्यापासून वेगळी केली, निपलचं भोक गरम पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि गजाला घट्ट चिंधी गुंडाळून सायकलच्या पंपासारखं वरखाली करत राहिलो. पाणी आधी शाईसारखं काळं, मग विटकरी. शेवटी उकळतं पाणी ओतलं, म्हणजे तापलेली नळी आपोआप सुकते.

गंजासाठी भोकाला बूच मारून नळीत रॉकेल भरून ठेवलं, मग ब्राँझचा ब्रश. पोलादी तारेचा ब्रश किंवा ड्रिल मशीन मी हातात घेतलं नाही. गंज जातो, पण चांगलं लोखंडही जातं. चिंध्या लाल, मग करड्या येत गेल्या. एक टोक बंद असल्यामुळे मोबाईलच्या टॉर्चने आतलं धड दिसत नाही. दिव्यांच्या माळेतला एक एलईडी वायरीला बांधून आत सोडला. तोंडाकडची नळी बरी निघाली. तळाशी, जिथे दारू पेटते आणि दाब सगळ्यात जास्त असतो, तिथे मात्र मोहरीएवढे खड्डे. खड्डे घासून जात नाहीत. घासत बसलं तर नळीच पातळ होते.

दुरुस्तीवाल्याने पुन्हा पाहून स्पष्ट सांगितलं, ही ठेवा, वाजवू नका. बाबांना पटलेलं नाही. "एक बार काढून बघूक काय हरकत आसा?" असं ते अधूनमधून विचारतात. मी तेलाचा पातळ हात देऊन बंदूक तोंड खाली करून ठेवतो, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. हळदकुंकू आता दांड्याच्या लाकडालाच, ही अट आईने कुरकुरत का होईना मान्य केली आहे.