मॅमोग्राफी 'नॉर्मल' असूनही मी सोनोग्राफी का करून घेतली

गेल्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, मी आयुष्यातली पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली. माझ्या मावशीला साठीनंतर स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पाकीट हातात देऊन "नॉर्मल आहे" एवढेच सांगितले. ते ऐकून मला इतके हायसे वाटले की पाकीट न उघडताच मी ते घरी आणून फाइलला लावले.

ऑक्टोबरमध्ये बीपीच्या गोळ्यांसाठी कोथरूडला आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा सहज म्हणून ती फाइलही बरोबर नेली होती. त्यांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "नॉर्मल लिहिलंय ते खरंच आहे, पण ही ओळ कोणी समजावून सांगितली का तुला?" त्या ओळीत माझ्या स्तनांची घनता 'डी' असल्याचे लिहिले होते. मला ते कोणीही सांगितलेले नव्हते. माझ्यासारख्या स्त्रीच्या दृष्टीने त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच होती, असे मला आजही वाटते.

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. माझी फिल्म जवळजवळ सगळीच पांढरी होती. "पांढऱ्या रांगोळीच्या ढिगात तांदळाचा दाणा शोधायचा, तसं आहे हे," असे त्या म्हणाल्या. चरबीच्या मानाने ग्रंथी आणि तंतू जितके जास्त तितकी घनता जास्त; तिचे ए, बी, सी, डी असे चढत्या क्रमाने चार प्रकार मानतात. साधारण ४० टक्के स्त्रिया 'सी'मध्ये आणि १० टक्के 'डी'मध्ये येतात, आणि या दोन्हींना दाट म्हणतात. हाताला काय लागते किंवा आकार केवढा आहे यावरून घनता ओळखता येत नाही, ती मॅमोग्राफीतच कळते. दाटपणामुळे गाठ झाकली जाते हे तर झालेच, शिवाय त्याने कर्करोगाची जोखीमही काही प्रमाणात वाढते. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राने स्त्रीला तिच्या घनतेविषयी लेखी कळवणे बंधनकारक झाले आहे, हे वाचल्यावर त्या काउंटरवरचे दोन शब्द मला अधिकच अपुरे वाटले.

सोनोग्राफीचा सल्ला देताना डॉक्टरबाईंनी तिच्या मर्यादाही सांगितल्या, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, दाट स्तन आणि वाढीव जोखीम असलेल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर दर हजारी सुमारे ४ कर्करोग अधिक सापडले. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात कर्करोग पकडण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. परंतु दोन्हीकडे, काहीही आजार नसताना पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागलेल्या स्त्रियांची संख्याही वाढली, आणि या जोडतपासणीने मृत्यू कमी होतात असे अद्याप सिद्ध झालेले नाही. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, म्हणून एकीच्या जागी दुसरी करून भागत नाही. हे सगळे ऐकूनच मी होकार दिला.

टिळक रस्त्याजवळच्या सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली बहुतेक गर्भवती स्त्रिया बसल्या होत्या. त्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत होत्या, म्हणून मीही विचारले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमच्या तपासणीला पाणी प्यायची गरज नाही." आत गेल्यावर खांद्याखाली उशी देऊन हात डोक्यावर घ्यायला सांगितला आणि गार जेल लावले. मॅमोग्राफीत स्तन दाबल्यामुळे दुखले होते, तसे इथे काही नव्हते. क्ष-किरणांचाही प्रश्न नव्हता. उजव्या बाजूला पडद्यावर एक काळाभोर लंबगोल दिसला. त्याची कड रेखीव होती आणि त्याच्या मागचा भाग उजळ होता. रेडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "ही साधी पाण्याची गाठ, हिची काळजी नको." डावीकडे मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी प्रोब आडवा केला, उभा केला, पुन्हा त्याच जागी आणला, आणि मापे घेण्याचा टिकटिक आवाज येऊ लागला. त्या वीसेक मिनिटांतला तो एक मिनिट मी श्वास रोखून पडले होते.

डाव्या स्तनात घड्याळाच्या दोनच्या जागी ८ मिलिमीटरची गाठ होती. ती पाण्याचीच असावी, पण आत थोडा गाळ दिसत असल्याने रिपोर्टात बायरॅड्स ३ लिहिले होते; बायरॅड्स ही स्तनांच्या तपासणीत जे दिसते त्याची ठरलेली वर्गवारी. तीनचा अर्थ ती गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. मी सुई घालून तपासण्याविषयी विचारले, तेव्हा डॉक्टरबाईंनी घाई करू नये असे समजावले. आकडा छोटा असला तरी त्या सहा महिन्यांत अनेक रात्री माझा हात नकळत त्या जागेवर जाऊन थांबत असे. सोनोग्राफी करायला निघालेल्या स्त्रीला हेही आधी माहीत असायला हवे.

एप्रिलमध्ये पुन्हा सोनोग्राफी झाली, तेव्हा गाठ तेवढीच होती. आता ऑक्टोबरमध्ये पुन्हा सोनोग्राफी आहे, आणि या खेपेला मॅमोग्राफीही त्याबरोबरच करायची आहे.

दरम्यान मी घरातल्या सगळ्या जणींना आपापले जुने रिपोर्ट काढायला लावले. जाऊबाईंची घनता 'बी' निघाली आणि त्यांना सोनोग्राफीची गरज नसल्याचे डॉक्टरबाईंनी सांगितले. मावशीच्या मुलीच्या रिपोर्टात 'सी' आहे; तिची तारीख येत्या गुरुवारची आहे आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे.